राजवाड्यातील मूल

(प्रौढांच्या शास्त्राभ्यास वर्गासाठी व रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी)

शास्त्रपाठ : २ राजे ११:१-१२, २ शमुवेल १३:१-२२, मत्तय १८:१-१७

राजवाडा म्हटला की आम्हा इंदूरकरांच्या डोळ्यांपुढे होळकरांचा तो सात मजली वाडा, समोरचा अहिल्यादेवींचा पुतळा आणि खजुरी बाजाराकडे व सराफ्याकडे जाणारी गर्दी उभी राहते. त्याच राजवाड्यामागच्या एका गल्लीत, एका सभासदांच्या घरी वरच्या मजल्यावर, आमचा मुलांचा वर्ग रविवारी दुपारी भरतो. म्हणून योवाश राजाची गोष्ट शिकविण्याची वेळ आली तेव्हा मला वाटले की हा पाठ सोपा जाईल. राजवाडा कसा असतो हे मुलांना खिडकीतूनच दाखविता येईल.

तसे दाखविलेही. मुलांनी मजले मोजले. मग मी विचारले, "एवढा मोठा राजवाडा, एवढे पहारेकरी, मग त्या तान्ह्या बाळाला भीती कोणाची होती?" कोणी म्हणाले शत्रूची, कोणी म्हणाले चोरांची. एकाने पलिष्ट्यांचे नाव घेतले. शेवटच्या रांगेतला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा खाली पाहत म्हणाला, "घरच्यांची."

उत्तर बरोबर होते. मी त्याला शाबासकी दिली, अथल्या ही त्या बाळाची आजीच होती असे फळ्यावर लिहिले आणि पुढच्या वचनाकडे वळलो. त्या उत्तराकडे माझे खरे लक्ष जायला तीन आठवडे लागले, आणि लक्ष गेल्यावर मी जे केले ते चुकीचे केले. ती हकीकत पुढे सांगणार आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून तिच्यातले काही तपशील गाळले आहेत व काही बदलले आहेत. आधी शास्त्रपाठ पाहू.

यहोशेबा आत्या

अहज्या राजा मारला गेल्यावर त्याची आई अथल्या हिने राज्य आपल्या हाती ठेवण्यासाठी राजवंशातील मुलांचा नाश आरंभिला. ही तिची स्वतःची नातवंडे होती. त्यांच्यामधून योवाश नावाचे एक बाळ यहोशेबाने उचलून नेले. ती योराम राजाची मुलगी, अहज्याची बहीण, म्हणजे बाळाची आत्या. तिने बाळाला व त्याच्या दाईला बिछान्यांच्या कोठीत लपविले, आणि पुढे सहा वर्षे ते मूल परमेश्वराच्या मंदिरात राहिले. २ इतिहास २२:११ वरून कळते की यहोशेबा ही यहोयादा याजकाची पत्नी होती.

या गोष्टीतील चार बाबींकडे वर्गाने लक्ष द्यावे. पहिली अशी की धोका घरात होता आणि घर प्रतिष्ठित होते. दुसरी अशी की वाचविणारी व्यक्तीही घरातलीच होती. पुष्कळदा मुलाची आत्या, मावशी, आजी किंवा शेजारची काकू हिलाच प्रथम शंका येते आणि तीच सर्वांत जास्त घाबरते, कारण बोलले तर नाते तुटेल असे तिला वाटते. तिसरी बाब म्हणजे, यहोशेबाने अथल्येला जाऊन जाब विचारला नाही. तिने आधी बाळाला सुरक्षित जागी नेले. जाब पुढे सहा वर्षांनी विचारला गेला, आणि तो ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांनी विचारला.

चौथी बाब बारीक आहे. तिने ही गोष्ट लपविली, पण सर्वांपासून नाही. दाईला ठाऊक होते, यहोयादाला ठाऊक होते. ज्यांच्यावाचून बाळ जगले नसते त्या सर्वांना ठाऊक होते. बाजारात मात्र कोणाला कळले नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मूळ भाषेत तिने बाळाला 'चोरले' अशा अर्थाचे क्रियापद आहे. म्हणून कोणी असे समजू नये की शंका येताच शेजारचे मूल उचलून आपल्या घरी आणावे. यहोशेबाच्या काळी राज्यसत्ता हीच मारेकरी होती. तिने दाद मागावी असे ठिकाण उरले नव्हते. आपल्याला तसे ठिकाण आहे. रोमकरांस पत्र १३ मध्ये पौल सत्ताधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो, आणि मुलांच्या रक्षणासाठी आपल्या देशात जे कायदे आहेत त्यांकडे आपण त्या दृष्टीने पाहावे.

आपल्या इतिहासातही असा एक राजवाडा आहे. ज्या राघोबादादाचा अहिल्यादेवींनी १७६७ साली इंदूरवर चालून आलेला असताना धीराने सामना केला, त्याच राघोबाचा पुतण्या नारायणराव पेशवा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारदी मागे लागले तेव्हा तो अठरा वर्षांचा मुलगा धावत गेला तो काकाकडेच. ज्याच्या संमतीने कट झाला होता त्याच्याच गळ्यात त्याने मिठी मारली. मुले असेच करतात. घरात ज्याच्यापासून भय आहे त्याच्याकडेच ती आसऱ्याला जातात, कारण दुसरे कोणी त्यांना माहीत नसते. "मुलगा तर बापाच्या मांडीवर जाऊन बसतो, मग त्याला भीती कसली?" हा युक्तिवाद मी सभांमधून ऐकला आहे. त्याला नारायणरावाची गोष्ट पुरेशी आहे.

तामारेच्या घरातील माणसे

दुसऱ्या पाठाची गोष्ट आपण मंडळीत फारशी वाचीत नाही. दावीद राजाची मुलगी तामार हिच्यावर तिच्या सावत्र भावाने, अम्नोनाने, बलात्कार केला. हे घडले ते राजाच्या घरात, आजाऱ्याला खायला करून देण्याच्या निमित्ताने, आणि तिला तेथे पाठविले होते खुद्द बापाने. बापाला कपट ठाऊक नव्हते. तरी नंतर काय झाले ते पाहा. अबशालोमाने तिला गप्प राहायला सांगितले. तो तुझा भाऊच आहे, मनाला लावून घेऊ नकोस, अशा आशयाचे तो बोलला. दावीद फार रागावला असे एकविसाव्या वचनात आहे, आणि त्याने पुढे काही केले असे कोठेही नाही. तामार भावाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहिली. दोन वर्षांनी त्या घरात खून झाला.

बंधुभगिनींनो, अबशालोमाचे ते सांत्वन आजही आपल्या घरांत जसेच्या तसे चालते. घरची गोष्ट आहे. मोठ्या माणसाचे नाव जाईल. मुलीचे पुढे लग्न व्हायचे आहे. आणि आपण ख्रिस्ती लोक त्यात आणखी एक भर घालतो, ती क्षमेची. मुलाला आपण सांगतो की काकांना क्षमा कर. क्षमा हा सुवार्तेचा गाभा आहे हे मी पुष्कळदा उपदेशात सांगितले आहे. पण ज्या मुलाला उद्या पुन्हा त्याच खोलीत झोपायचे आहे त्याच्याकडे क्षमा मागणे म्हणजे त्याला तेथे ठेवण्याची सोय करणे होय.

मत्तय १८:१५ चाही असाच उपयोग होतो. भावाने अपराध केला तर एकट्याने जाऊन त्याला समजवावे, मग दोघे-तिघे घेऊन जावे, मग मंडळीला सांगावे. तेव्हा सरकारात कशाला जाता, असे कमिटीत कोणीतरी म्हणतो. हे वचन नीट वाचावे. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्याने अपराध्याकडे जावे असे तेथे आहे, म्हणजे दोघेही प्रौढ आणि समान आहेत हे गृहीत आहे. आठ वर्षांचे मूल आपल्या बापाकडे किंवा मामाकडे एकटे जाऊन काय बोलणार? शिवाय त्याच अध्यायात, या वचनाच्या आधी, प्रभूने एका बालकाला मध्ये उभे केले आहे, आणि जो लहानांना अडखळवतो त्याच्याविषयी जात्याच्या तळीचे ते भयंकर शब्द उच्चारले आहेत. सहावे वचन सोडून पंधराव्यापासून वाचायला सुरुवात करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

छडीविषयीचे वचन (नीतिसूत्रे १३:२४) वर्गात कोणीतरी काढीलच. तेथे जो इब्री शब्द आहे तोच स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळाच्या काठीसाठी आहे, आणि त्या काठीने मेंढराला धीर येतो. पौलाने इफिस ६:४ व कलस्सै ३:२१ येथे बापांना बजावले आहे की मुलांना चिडवू नका, त्यांचे मन खचवू नका. शिस्त कोठे संपते आणि क्रूरपणा कोठे सुरू होतो यावर वर्गात तासभर वाद घालता येईल. मी इतकेच विचारतो : मारल्यानंतर मूल जवळ येते की अंग चोरते?

माझी चूक

आता ती हकीकत. तीन आठवड्यांनंतर वर्ग सुटल्यावर तोच मुलगा सतरंजी गुंडाळायला थांबला. वैशाखाचे दिवस होते आणि त्याने पुऱ्या बाह्यांचा सदरा घातला होता. बाही वर गेली तेव्हा मनगटाच्या वर मला वळ दिसले, काही जुने, काही नवे. मी विचारले, तो म्हणाला, "पडलो." मग सतरंजी कोपऱ्यात ठेवून त्याने मला विचारले, "सर, आपला वर्ग पाच वाजेपर्यंत का नसतो?"

मी घरी गेलो, रात्री प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. घरातील कर्त्या पुरुषाची व माझी ओळख होती. मी म्हणालो, "भाऊ, मुलगा जरा घाबरलेला दिसतो. हातावर काही खुणाही आहेत." त्यांनी चहा मागविला. मुलगा कसा खोडकर आहे, जिन्यावरून कसा पडतो, हे सांगितले. आम्ही मिळून प्रार्थना केली. जिना उतरताना माझे मन हलके झाले होते.

पुढच्या रविवारी मुलगा आला नाही. त्यानंतरचे सहा रविवारही आला नाही. मी गेल्यानंतर त्या रात्री त्या घरात काय झाले ते मला पुष्कळ पुढे कळले. ते येथे लिहीत नाही.

आमच्या वर्गात लहान मुलांना शिकविणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी एकदा मला मुलाविषयी विचारले, तेव्हा मी सगळे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही विचारायला गेलात ते कोणाला?" मग त्यांनी माझ्यासमोर १०९८ हा क्रमांक फिरविला.

पुरावा कोणी गोळा करावा?

मला अडविले होते ते याच विचाराने, की माझ्याजवळ पुरावा नाही. वळ जिन्यावर पडूनही उठू शकतात. एका भल्या माणसावर आळ येईल. ही भीती खोटी नाही. दूध उतू जाऊन भाजलेले मूल आणि भाजविलेले मूल दुरून सारखेच दिसते. पण खरे-खोटे ठरविणे हे माझे काम नव्हते. माझे काम काळजी योग्य ठिकाणी पोहोचविण्याचे होते. तपास करायला शिकलेली माणसे वेगळी असतात.

१८७४ साली न्यूयॉर्क शहरात एटा व्हीलर नावाची मेथडिस्ट मिशनची एक कार्यकर्ती गरीब वस्तीत घरभेटी करीत असे. शेजाऱ्यांनी तिला सांगितले की भिंतीपलीकडे एका लहान मुलीला रोज मारतात, कोंडून ठेवतात. व्हीलरबाई शेजारच्या आजारी स्त्रीच्या निमित्ताने त्या घरात गेल्या आणि मेरी एलन नावाची ती मुलगी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पोलीस आणि धर्मादाय संस्था यांच्याकडे त्यांनी खेटे घातले. प्रत्येकाने पुरावा मागितला किंवा आपल्याला अधिकार नाही म्हणून सांगितले. शेवटी त्या जनावरांवरील क्रूरता थांबविणाऱ्या संस्थेचे प्रमुख हेन्री बर्ग यांच्याकडे गेल्या. त्यांच्या मदतीने मुलगी न्यायाधीशांसमोर आली, पालन करणाऱ्या बाईला एक वर्षाची शिक्षा झाली, आणि या प्रकरणातून मुलांच्या रक्षणासाठी जगातील पहिली संस्था उभी राहिली. मेरी एलनला व्हीलरबाईंच्या आईने व नंतर बहिणीने वाढविले. ती मोठी झाली, तिचा संसार झाला, आणि तिने आपल्या एका मुलीचे नाव एटा ठेवले.

जुन्या वाड्यांतून व चाळींतून राहणाऱ्या आपल्या लोकांना पातळ भिंती काय असतात ते सांगायला नको. पलीकडचे रडणे आपल्याला ऐकू येते आणि आपण रेडिओ मोठा करतो.

व्हीलरबाईंना दाद मागायला ठरलेले ठिकाण नव्हते; आपल्याला आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेमार्फत, ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडून चालविला जातो. मूल स्वतः फोन करू शकते, शेजारी करू शकतो, शिक्षक करू शकतो. ते मुलाचे नाव, अंदाजे वय, पत्ता, आपण काय पाहिले किंवा ऐकले, आणि मूल या क्षणी धोक्यात आहे काय, हे विचारतात. आपले नाव बाहेर येऊ नये अशी विनंती करता येते. मारहाण चालू असेल, रक्त आले असेल, तर विचार करीत न बसता ११२ फिरवावा आणि मुलाला दवाखान्यात न्यावे.

लैंगिक त्रासाची शंका असेल तर बाब केवळ विवेकाची राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे, असा अपराध झाल्याचे ज्याला ठाऊक आहे किंवा होईल अशी भीती वाटते, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. यात पाळक, शिक्षक, आई, आत्या सर्व आले. लपविणाऱ्याला शिक्षा आहे. सद्‌हेतूने कळविणाऱ्याची शंका पुढे चुकीची ठरली तरी त्याच्यावर दावा चालत नाही. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचा जबाब घरी किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावयाची असते. हे पालकांना माहीत नसते, म्हणून ते 'पोलीस' शब्दाने हादरतात.

प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष व चार सदस्य, त्यांत निदान एक स्त्री, आणि समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार. कोणीही जबाबदार नागरिक मुलाला त्यांच्यासमोर नेऊ शकतो. "ते मूल हिसकावून अनाथाश्रमात टाकतील" ही भीती मी फार ऐकतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे तत्त्व असे आहे की संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. आधी घर सुधारता येते काय, मग नातेवाइकांत कोणी सांभाळील काय, हे पाहायचे. म्हणजे कायदाही प्रथम यहोशेबा आत्यालाच शोधतो.

हे प्रसंग क्वचित घडतात असे कोणी समजू नये. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना प्रश्न विचारले होते. मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये त्यांत होती. तिघांतील दोघांनी मारहाण सोसली होती. निम्म्याहून अधिक मुलांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाला होता. आणि त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे व विश्वासातले होते.

शिक्षकांनी कसे ऐकावे

मूल बोलू लागले तर हातातले काम बाजूला ठेवावे. दार उघडे ठेवावे, पण इतरांना ऐकू जाणार नाही असे बसावे. "बाबांनी मारले का? मामांनी हात लावला का?" असे आपल्याकडून शब्द पुरवू नयेत. त्याने मूल गोंधळते, आणि पुढे न्यायालयात त्याचेच बोलणे शिकविलेले ठरते. "मग काय झाले?" एवढे विचारावे. ते थांबले तर आपणही थांबावे. हे सांगितलेस ते फार बरे केलेस, यात तुझी चूक नाही, हे त्याला आपल्या तोंडून ऐकू येऊ द्यावे. अनुवाद २२:२६-२७ येथे मोशेच्या नियमशास्त्रानेही रानात एकटी सापडलेल्या मुलीला निर्दोष ठरविले आहे, कारण तिने हाक मारली तरी वाचविणारा कोणी नव्हता.

एक वचन मात्र देऊ नये. "कोणाला सांगणार नाही ना?" असे मूल विचारते आणि आपण दयेने हो म्हणतो. मी तसे म्हणालो नाही हीच काय ती माझी एक गोष्ट बरोबर झाली, आणि तीही त्याने विचारले नाही म्हणून. त्याऐवजी म्हणावे, "जे तुला मदत करू शकतील अशा थोड्याच माणसांना सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन." मूल गेल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे, दिनांक घालून, वहीत लिहून ठेवावे. आपला निष्कर्ष लिहू नये.

घरी जाऊन जाब विचारू नये. का, ते वर सांगितले आहे. मुलाची आई वेगळी भेटू शकत असेल तर तिच्याशी बोलावे, पण जपून. पुष्कळ घरांत जो हात मुलावर उठतो तोच तिच्यावरही उठतो. स्त्रियांसाठी १८१ हा क्रमांक आहे, तो तिला सांगावा, लिहून देऊ नये, कागद सापडतो.

आणि हे लिहिताना संकोच वाटतो, पण प्रार्थनासभेत हा विषय मांडू नये. नाव न घेता मांडला तरी मांडू नये. "एका घरासाठी प्रार्थना करू या, तेथील लेकरू..." असे कोणी म्हटले की सभा सुटण्याआधी सर्वांना घर समजलेले असते. यहोशेबाला दाई आणि यहोयादा पुरले. पाळकसाहेब, एक शिक्षिका आणि आपण, इतके पुरेत. (अर्थात ज्याच्याविषयी शंका आहे तो माणूस कमिटीवर किंवा व्यासपीठावर असेल तर त्या साखळीतून जाऊच नये. सरळ फोन करावा.)

दुसऱ्या बाजूचेही एक सांगतो. गरिबी म्हणजे क्रूरता नव्हे. आमच्या गल्ल्यांतून आईबाप दोघे कामाला जातात आणि सहा वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाला घेऊन कुलूपबंद खोलीत बसते. शेगडी आत, काड्यापेटी आत. तेथेही मूल धोक्यात आहे, पण त्या आईला तक्रारीची नव्हे तर कोणीतरी चार तास मुले सांभाळण्याची गरज आहे. महिला मंडळाने हे काम घ्यावे. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली केडगावला नेल्या तेव्हा आधी त्यांना जेवायला घातले. ज्या मंडळ्या मुक्ति मिशनचे नाव अभिमानाने घेतात त्यांना दुपारी एक खोली उघडणे जड जाऊ नये.

नंतरची गोष्ट

ताईंच्या फोननंतर त्या घरी माणसे गेली, समितीपुढे काम चालले, आणि मुलगा त्याच्या मावशीकडे राहायला गेला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. आई काही काळ आमच्याशी बोलत नव्हती. त्या पुरुषाने मंडळी सोडली, आणि त्याच्याबरोबर आणखी दोन कुटुंबांनी येणे बंद केले. आम्ही घर फोडले असे त्यांचे म्हणणे आहे. हा मोबदला द्यावा लागतो हे शिक्षकांनी आधीच जाणून असावे.

मुलाने आमचे आभार मानावेत अशीही अपेक्षा धरू नये. योवाशाचा शेवट वाचा (२ इतिहास २४). ज्या यहोयादाने त्याला वाचविले व वाढविले त्याच्याच मुलाला, जखऱ्याला, त्याने मंदिराच्या अंगणात दगडमार करविला. यहोशेबाने ते बाळ उचलले तेव्हा ते पुढे कसे निघेल याचा हिशेब केला नव्हता. आमचा मुलगा पहिले वर्षभर वर्गात कोणाशी बोलत नसे. एकदा त्याने माझा चष्मा फेकला. मावशी घाबरली. ताईंनी तिला समजावले की जेथे मार बसणार नाही अशी खात्री होते तेथेच मूल राग काढते. मावशीला त्या वर्षी सोबतीची गरज मुलापेक्षाही जास्त होती, आणि ती देण्यात आम्ही कमी पडलो असे मला वाटते.

हा पाठ वर्गात घेताना तोच प्रश्न विचारावा : बाळाला भीती कोणाची होती? उत्तर आल्यावर फळ्याकडे वळण्याची घाई करू नये. कोण बोलले आणि कोण गप्प राहिले ते पाहावे. १०९८ हा क्रमांक मुलांकडून मुखपाठ करून घ्यावा, सुवर्णवचनासारखा. वर्ग सुटल्यावर कोणते मूल रेंगाळते, कोण सतरंजी दोनदा गुंडाळते, याकडे लक्ष असू द्यावे, आणि दाराला लगेच कुलूप लावू नये. आमचा वर्ग हल्ली पाच वाजेपर्यंत असतो.